कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या अख्ख्या खानदानात खरं बोलणारं माणूस एकच जन्माला आलं, माझी धाकटी बहीण. बाकी आम्ही सगळे थापाडे, आणि थापाड्यांचा पुढारी मी. भातकुलीला माझं बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच घर. गिऱ्हाईक आलं की मी सांगायला लागतो. आमच्या वावरातलं वांगं आणताना एकदा बैलगाडीचा आस मोडला. एका उन्हाळ्यात तर असं तापलं की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायला लागल्या, आम्ही नुसतं मीठ घेऊन खुराड्यासमोर बसायचो. लोक हसतात, बियाणं घेतात, पुन्हा येतात. बहीण आत शेवंतीचे हार ओवत बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणायची, "वांगं पाव किलोचं होतं. आपल्याकडे बैलगाडी नाही."

वऱ्हाडात जन्मून ती बोलते मात्र टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. आई म्हणायची, "माह्या पोटी बातम्या देणारी बाई आली." ऑटिझम हा शब्द आमच्या घरी पोचला तेव्हा बहीण तिशीला टेकली होती. त्याआधी गावानं तिला जे शब्द दिले ते मी इथे लिहीत नाही. आईला कोणताच शब्द लागला नाही. मिक्सर लावायच्या आधी ती आत जाऊन सांगायची, "मिक्सर लावून राहिली वो बाई." मग थांबायची. बहीण कानांवर हात ठेवायची, मान हलवायची, तेव्हा मिक्सर सुरू व्हायचा. चटणी करायची तर आमच्याकडे अशी परवानगी लागत असे.

आई होती तेव्हाच अमरावतीची एक मुलगी स्कूटीवर आमच्याकडे यायला लागली. पीएच.डी. करत होती. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांचं जगणं त्यांच्याच तोंडून ऐकायचं आणि त्यांना कशाची मदत हवी तेही त्यांनाच विचारायचं, हे तिचं संशोधन. आईनं पहिलाच प्रश्न केला, "औषध निघालं काय वो?"

"नाही काकू. मी ऐकायला आलेय."

"एवढ्यासाठी इतक्या उन्हाची आली?" आई म्हणाली, आणि तिच्यासाठी ताक घुसळायला उठली.

त्या मुलीची पद्धत वेगळी. प्रश्न दोन दिवस आधी लिहून पाठवायचे. आल्यावर एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उत्तर येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी तिनं बहिणीला विचारलं, "तुम्हाला दिवसातली कोणती वेळ आवडते?" मी ताबडतोब सुरू झालो. पहाट, दव, शेवंती, पाखरं, सगळं एका दमात सांगून टाकलं. ती मुलगी म्हणाली, "दादा, प्रश्न तुम्हाला नव्हता." आई इतकी हसली की तिला पदर तोंडात कोंबावा लागला. मी बसलो. तेवढ्या शांततेत कपाशी पेरून वेचून झाली असती. मग बहीण म्हणाली, "दुपार. तेव्हा दादा झोपतो."

आईला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. त्याच वर्षी थंडीत ती गेली.

बहीण रडली नाही. ती आईच्या पातळाची घडी मोडायची आणि पुन्हा घालायची, पुन्हा मोडायची. भेटायला आलेल्या बाया तिच्यासमोरच बोलत, "तिले काय समजते बिचारीले!" आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, तो कोणी आडून विचारला, कोणी सरळ विचारला. आता हिचं कोण पाहील?

दहाव्याला आम्ही कौंडण्यपूरला गेलो. बहीणही आली. वर्धेच्या काठी पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर कावळ्यांची ग्रामसभा भरलेली, पण खाली एकही उतरेना. भटजी म्हणाले, बाईंचा जीव कशात तरी अडकलाय. कशात ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी पुढे झालो, हात जोडले आणि माझ्या पद्धतीनं शब्द दिला. "आई, हिले मी सोन्याच्या पाळण्यात ठेवीन. हिचा पाय भुईले लागू देणार नाई. ही बोट दाखवीन ते आभायातून उतरवून आनीन." कावळ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग मामा उठला. आईचा धाकटा भाऊ, अकोल्याचा. आवाज असा की त्यानं अकोल्यात शिंक दिली तर मूर्तिजापुरात लोकांनी छत्र्या उघडाव्यात. तो गरजला, "ताई, तुह्या पोरीले मी नेतो. माह्या घरी राहीन ते. खाऊन घे तू!" आणि कुठून कोण जाणे, एक कावळा आला, घास उचलला आणि गेला. सगळ्यांनी डोळे पुसले. बहीण कानांवर हात ठेवून उभी होती, पण मामाचा आवाज हातांनी अडणारा नव्हताच.

तेरवीचं जेवण झालं, पाहुणे निघाले, आणि मामा अर्ध्या मिनिटात परत आत आला. "भाचे, हे तुही बहीन माह्या गाडीत जाऊन बसली बे."

खरंच बसली होती. मांडीवर लाल बॅग, बॅगेत कपडे आणि आईचं एक पातळ. पट्टा लावलेला.

"मामा, शब्द तुमीच देल्ला," मी म्हणालो.

मामानं मला कोपऱ्यात ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "अबे, मी कावळ्याले बोललो होतो! तिले कुठं बोललो?"

पण चार पाहुणे दारात उभे होते. मामा तिला घेऊन गेला.

अकोल्याला मामीचा घरगुती मसाल्यांचा धंदा. मिक्सर सकाळी सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत. दाराच्या बेलमधून दर वेळी अख्खी आरती वाजायची. मी रविवारी एसटीनं जायचो. ती एसटी अशी खिळखिळी की बडनेऱ्याला चढलेला माणूस बोरगावला उतरताना आपले दात मोजून घेतो. पण दारात पाऊल टाकलं की माझ्या सगळ्या थापा आटून जायच्या. बहीण खाटेखाली शिरलेली असायची. मनगटावर तिच्याच दातांचे वण. गालफडं बसलेली. बातम्या बंद. एखादा शब्द कसाबसा यायचा.

"चाल घरी," मी खाटेखाली वाकून म्हणायचो. "तुही खोली तशीच हाय. तुह्या वहिनीनं झाडून ठेवली."

"नाही."

"काहून नाई?"

"तुझ्या वेळी कावळा आला नाही."

मला वाटायचं ती माझ्यावर रुसली. मामीला वाटायचं तिला मामाचा लळा लागला, आणि हे मामी अशा चेहऱ्यानं सांगायची की लळा नव्हे, खरूजच लागली. मामा म्हणायचा, हट्टी हाय, ताईनं लाडावून ठेवली. तिघांची तीन निदानं, आणि खाटेखाली जाऊन तिला विचारणारं कोणी नाही. मीही विचारायचो ते तिला ओढून काढण्यासाठी. माझं "काहून" संपायच्या आत माझंच दुसरं वाक्य सुरू व्हायचं.

त्या अमरावतीच्या मुलीनं बहिणीला मोबाइलवर विचारलं होतं, आई गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे का, नसेल तर चालेल. उत्तर आलं, "हो." मग प्रश्न गेले. मग ती अकोल्याला आली, तिच्यासोबत मीही. मामीला तिनं विनंती करून मिक्सर बंद ठेवायला लावला. बहीण खाटेखालून निघाली आणि भिंतीला पाठ लावून बसली. मामा दारात उभा, आता हिला काय समजावणार ते बघायला.

"तुम्हाला इथे त्रास होतो, असं तुम्ही लिहिलंत," ती मुलगी म्हणाली. "तरी इथेच राहायचं ठरवलंत. ते कशासाठी?"

आणि गप्प बसली.

मी रुमाल तोंडात धरला. मामानं दोनदा घसा खाकरला, दोन्ही वेळा त्या मुलीनं नुसता हात वर केला. पंखा फिरत होता. बहीण आईच्या पातळाच्या काठावरून बोट फिरवत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

"मी गेले तर मामाचा शब्द खोटा होईल," ती म्हणाली. बोट पुन्हा काठावरून फिरलं. "आईने घास त्या शब्दावर घेतला. शब्द खोटा झाला तर घास परत करावा लागेल. आई उपाशी राहील. म्हणून मी आवाज सहन करते."

मामा दारातल्या चपलांवरच बसला. मामी उठून आत गेली, आणि आतून मिक्सर उचलून मागच्या टिनाच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्याचं ऐकू आलं.

"तुम्हाला सोपं जावं म्हणून इथे काय बदलायला हवं?" त्या मुलीनं विचारलं.

याचं उत्तर लगेच आलं, बातम्या द्याव्यात तसं. "मिक्सरच्या आधी सांगायचं. आई सांगायची. बेल काढायची. मी रडत नाही म्हणून मला समजत नाही, असं माझ्यासमोर म्हणायचं नाही. माझ्यामागेही म्हणायचं नाही."

मामानं जाऊन ती बेल उपटली. सोबत वायर आली, प्लास्टर आलं, आणखी थोडा जोर लावला असता तर शेजाऱ्याचा दिवाणखाना आमच्यात आला असता. मग तो हातात बेल घेऊनच तिच्यासमोर बसला आणि त्यानं आजवर न केलेली गोष्ट केली, सरळ तिलाच विचारलं. "बाई, देल्लेला शब्द वापस घेता येते काय वो?"

तिनं त्याच्या शर्टाच्या बटणाकडे पाहत विचार केला. "येत असेल. तिथे जाऊन घ्यावा लागेल. कावळ्याने ऐकलं पाहिजे. दादाने नवीन द्यायचा." मग माझ्या बटणाकडे पाहिलं. "त्यात सोनं नको."

पुढच्या अमावस्येला आम्ही तिघं कौंडण्यपूरला गेलो. तिनं लाल बॅग भरून आणली होती. काम झालं तर तिथूनच भातकुलीला यायचं असं तिचं तिनंच ठरवलं होतं. माझ्या बायकोनं खोलीत नवी चादर घातली होती. मी रस्त्याभर एक थाप मारली नाही. मला ताप आलाय असं वाटून मामानं कपाळाला हात लावून पाहिला.

काठावर पत्रावळीवर भात ठेवला. नेमका तेव्हाच घाटावर कोणीतरी लाउडस्पीकर लावला. बहिणीनं कान दाबले, डोळे घट्ट मिटले आणि पायरीवर बसून पुढेमागे डोलायला लागली.

मामा पाण्याकडे तोंड करून म्हणाला, "ताई, मी बोललो ते निभवता आलं नाई. शब्द वापस घेतो. तू उपाशी राहू नको." त्याचा आवाज हातभर अंतरावरून ऐकू येईना.

मी म्हणालो, "आई, ती माझ्याकडे राहील. मिक्सरच्या आधी मी सांगेन." संपलं. एवढं लहान भाषण मी लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

आम्ही वाट पाहिली. पिंपळावर कावळे होते. एक खालच्या फांदीवर आला, मान तिरपी केली, परत वर गेला. ऊन पायरीवरून उतरून पाण्यात गेलं. मग घाटावरचं एक खरजुलं कुत्रं आलं आणि आम्ही हाकलेपर्यंत पत्रावळ चाटून मोकळं झालं.

मामानं माझं कोपर दाबलं. "भाचे, आला म्हन. तिचे डोळे बंद हायेत. तुही बहीन तुह्या घरी, ताई मोकळी, मी मोकळा. एक शब्द बे. तुले का जड हाय?"

मला काय जड होतं! जिभेवर कावळा तयार बसला होता. तेल चोपडल्यासारखा काळा, नदीपलीकडून सरळ आलेला, तीनदा पंख फडकवून घास चोचीत धरून आईच्या दिशेनं गेलेला. इतका देखणा कावळा मी आजवर बनवला नव्हता. आणि पहिल्यांदाच माझी थाप कोणाचं तरी भलं करणार होती. घरची खोली, नवी चादर, दुपारची शांतता, सगळं त्या एका कावळ्यावर टेकलेलं.

लाउडस्पीकर थांबला. तिनं डोळे उघडले. रिकामी पत्रावळ पाहिली.

"आला?"

"आला ना वो बाई!" मामा म्हणाला. "हा एवढा मोठा!"

तिनं मामाकडे पाहिलं नाही. माझ्या बटणाकडेही नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. असं तिनं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"दादा?"

"नाही आला," मी म्हणालो. "कुत्र्यानं खाल्लं."

मामानं कपाळावर हात मारून घेतला. मग दर्भाच्या दोन काड्या उपटून तो घाईघाईनं त्यांना गाठ मारायला लागला. असा कावळा करून शिवला तरी चालते, शास्त्रात हाय, म्हणाला.

"ते गवत आहे, मामा," ती म्हणाली.

तिनं पायरीवरची बॅग उचलली, मामाच्या गाडीचं दार उघडलं, बॅग आत ठेवली, बसली, पट्टा लावला. मी तिथेच उभा राहिलो. माझ्या तोंडून निघालेलं एक खरं वाक्य तिला अकोल्याला घेऊन चाललं होतं आणि त्याला परत बोलवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मामानं गाडी सुरू केली तेव्हा तिनं काच खाली केली.

"पुढच्या अमावस्येला ये. कावळा तू बघ. मामाने बघायचं नाही."

बायको अजून म्हणते, तुमाले खरं बोलायले हाच दिवस भेटला काय. त्या अमरावतीच्या मुलीला मी फोनवर सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "निर्णय त्यांचा आहे, दादा." मामाकडे आता शेडमध्ये मिक्सर लावायच्या आधी मामी दारात येऊन सांगते आणि थांबते. बहिणीच्या मनगटावरचे वण बुजत गेले. ती जेवते. पण खोली तिची इथे आहे, आणि ती तिथे.

प्रत्येक अमावस्येला आम्ही जातो. ती लाल बॅग भरून आणते. हल्ली घाटावर लाउडस्पीकर नसला तरी ती डोळे मिटूनच बसते, कान उघडे. मी आईला तेच वाक्य सांगतो आणि पिंपळाकडे पाहत राहतो.

"आला?" ती विचारते.

माझ्या जिभेवर तो देखणा कावळा अजून बसलेला असतो.

"नाही, बाई," मी सांगतो.