चारच्या वर जरासं

सगळ्या मराठवाड्यात काळ्या पाषाणावर जन्म काढून गाळाच्या खडकाला जीव लावणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. माझं नायगावात रंगाचं दुकान आहे. आता तुम्हीच सांगा, रंगाच्या दुकानदाराच्या शेजारच्या घराला मागच्या वर्षापर्यंत, पंधरा वर्षांत एकदाही ब्रश लागू नये आणि त्याच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत भेगा असाव्यात, याहून मोठी बदनामी कोणती? नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्या घराकडं बघायचं आणि विचारायचं, "हे तुमचं का?" मी म्हणायचो, "नाही हो, सरांचं." "मग बरोबर," असं म्हणून ते निवांतपणे रंग बघायला लागायचं. म्हणजे सरांची कीर्ती माझ्या दुकानापेक्षा मोठी आहे.

सर नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त झाले आहेत, पण शिकवणं काही थांबलेलं नाही, फक्त वर्ग उठून माझ्या ओट्यावर आला आहे. त्यांचा खास विषय म्हणजे गाळाची खोरी. नद्यांनी आणलेला गाळ थरावर थर साचतो, वरच्या थरांचं ओझं खालच्यांवर पडतं, मग आतलं पाणी आणि तेल वाट शोधत फिरायला लागतं, आणि सगळे ज्याला टणक म्हणतात तो दगड चक्क वाकतो. हे सगळं जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षं चाललेलं असतं आणि सरांना त्याची खबर असते. पंचाईत एकच. आमच्याकडं कुठंही खणा, काळा कातळ लागतो. गाळाचा खडक डोळ्यांनी बघायचा तर सरांना चंद्रपूरकडं जावं लागतं. त्यामुळं खडक नाही तर नाही, पण जे समोर येईल त्यात गाळाचं खोरं बघायचं, असा त्यांनी निश्चयच केलेला आहे.

आम्ही दोघं कधी एकाच एसटीनं नांदेडला निघालो की मला वाटेत फुकट शिकवणी मिळायची. बस भरत चालली की बाकीचे वैतागायचे आणि सर खुलायचे. "शेठ, बघा, आता रेतीचे दाणे बसून राहिले. अजून दोन थांबे जाऊ द्या, मग दाबून राहतील. मग मधली हवा कुठं जाईल, सांगा?" हवा कुठं गेली होती ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण एक मावशी मेथीच्या गाठोड्यासकट माझ्या छातीवर टेकल्या होत्या. "पुढं सरका, पुढं सरका!" असं कंडक्टर ओरडला की सर मला कोपरानं ढोसत. "हा बाहेरून येणारा दाब. आता थर वाकणार." आणि खरंच, पुढच्या वळणावर आमचा अख्खा थर वाकला.

एका लग्नात तर त्यांनी बावर्च्याला घाम फोडला. बिर्याणीच्या भगोण्याचं तोंड कणकेनं बंद केलेलं, खाली निखारे, झाकणावर निखारे. सर जेवणाची पंगत सोडून तिथंच उभे. "शेठ, इकडं या, हे माझं खोरं! खाली आच, मध्ये थर, वर घट्ट झाकण. वाफेला वाट दिली न्हाई तर ती आपली वाट आपण फोडते." त्यांचं वाक्य संपायला आणि कणकेला तडा जाऊन फुस्सकन वाफ निघायला एकच गाठ पडली. सरांनी टाळ्या वाजवल्या. बावर्ची मात्र त्यांच्याकडं असा बघायला लागला की तडा जणू त्यांनीच पाडला. त्यावर सरांनी आणखी आग्रह धरला, की बिर्याणी वरून उपसू नका, कडेनं उभी कापून वाढा, म्हणजे थर मोडत नाहीत. बावर्ची हात जोडून म्हणाला, "सर, पढानेका है क्या खानेका?"

एका ईदेला मी त्यांना भेगा बुजवायच्या पुट्टीचा अख्खा डबा भेट दिला. उद्देश उघड होता. आठ दिवसांनी शिरखुर्म्याची आठवण काढत त्यांच्या घरी गेलो तर पुट्टी भिंतीवर सोडून सगळीकडं होती. सरांनी परातीत एक थर पुट्टीचा, एक थर गेरूचा असे सात थर लावले होते आणि दोन बाजूंनी दोन पाट लावून ते जीव खाऊन दाबत होते. मधल्या थरांना सुंदर वळ्या पडल्या होत्या. "क्या बात है शेठ, तुमची पुट्टी खडकापेक्षा शहाणी!" म्हणाले. भाभी, म्हणजे सरांच्या बेगम, दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. त्या नजरेत मला आणि पुट्टीला सारखीच जागा होती.

आता त्या भेगांचं. घर काळ्या मातीत उभं आहे. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचं घर तिच्या मर्जीनं हलतं. म्हणून पाया खोल घ्यावा लागतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. सरांचा पाया खणला गेला त्या आठवड्यात सर चंद्रपूरला खडक बघायला गेले होते. परत आले तेव्हा पाया उथळ भरून भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. दुसरा कोणी असता तर डोकं धरून बसला असता. पहिल्या उन्हाळ्यात पहिली भेग पडली तेव्हा सर माझ्या दुकानात पेढे घेऊन आले. "जे व्हायला जमिनीखाली करोड सालं लागतात, ते माझ्या बैठकीत एका सालात होऊन राहिलं!"

तेव्हापासून दर रविवारी भेगा मोजायच्या. सर पट्टी धरायचे आणि त्यांची एकुलती एक नाझनीन पट्टीवरचे मिलिमीटर वाचून भेगेशेजारी पेन्सिलनं लिहायची. पोरगी तेव्हा सात-आठ वर्षांची, स्टुलावर बसायची. चार आणि अर्ध्याला साडेचार म्हणतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं लिहिलं, "चारच्या वर जरासं." सरांनी ते खोडू दिलं नाही. "ज्यानं बघितलं त्याचंच बोलणं लिहायचं. हा शास्त्राचा कायदा." पुढं नाझनीन गणित घेऊन शिकली, मुखेडच्या शाळेत गणिताची बाई झाली, पण भिंतीवर अजून "जरासं"च लिहायची.

ही सगळी गंमत मागच्या वर्षी अंगाशी आली. नाझनीनला बघायला दोन ठिकाणचे पाहुणे आले आणि भिंती बघून गेले. भाभी माझ्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि ओढणीचं टोक डोळ्याला लावलं. "भाऊ, पोरगी कुणी बघितलीच न्हाई. भेगाच बघून राहिले लोक. म्हणले, घर फाटून राहिलं, यांच्यात काय संबंध करायचा. आता आठ दिवसांनी उदगीरचे पाहुणे येणार. तुमच्या सरांना समजवा."

मी पुट्टीचा डबा आणि ती लावणारा माणूस घेऊनच गेलो. सरांनी आधी शास्त्र सांगितलं, मग पंधरा वर्षांची मोजमापं दाखवली. मी बधेना. मग ते भिंतीशी खाली बसले आणि सगळ्यांत खालच्या, पुसट झालेल्या "चारच्या वर जरासं" या ओळीवर बोट ठेवलं. "शेठ, मलाबी पोरीचं लग्न व्हायला पाहिजे. पण हे बुजवलं, तर ती एवढी होती हे कुठं लिहिलेलं राहील?"  मी डबा आणि माणूस दोन्ही परत आणले.

शेवटी भाभींनीच तोड काढली. माझ्या दुकानाची उरलेली कॅलेंडरं मागून नेली आणि प्रत्येक भेगेवर एक टांगलं. बैठकीत एकच महिना अकरा वेळा लटकत होता, आणि प्रत्येकावर माझ्या दुकानाचं नाव. मी आयुष्यात एवढी जाहिरात कधी केली नव्हती.

उदगीरचे पाहुणे आले. मुलाचे वडील जुने गवंडी, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. पांढरी दाढी, हाताला चुन्यानं पडलेले चरे. मी शेजारी म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. मिस्त्रींनी एक कॅलेंडर बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं आणि हळूच विचारलं, "इतनी तारीखां कायको?"  तेवढ्यात सरांना वाटलं पाहुण्यांना उकडतंय. ते उठले आणि त्यांनी पंखा पाचवर केला. ते त्यांनी मुद्दाम केलं की भोळेपणानं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. अकराच्या अकरा कॅलेंडरं एकदम उडाली आणि अकराच्या अकरा भेगा पाहुण्यांकडं बघायला लागल्या. भाभींनी डोळेच मिटले.

मिस्त्री उठले. एक कॅलेंडर वर धरलं, भेगेत अंगठ्याचं नख घालून बघितलं, मग वाकून शेजारचं सगळं वाचलं, अगदी खालपर्यंत. "ये कौन लिखा?"

नाझनीन सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "मैं लिखी. अब्बू पट्टी धरते थे."

"सब सच्ची लिखी?"

"कम-जादा लिखने देतेच नै थे."

मिस्त्री हसले आणि माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "चाळीस साल लोकांच्या भेगा बुजवल्या, शेठ. जो तो म्हणतो, मिस्त्री, पाहुणे यायच्या आत झाका. ही भेग कुठं चालली, असं इचारणारं घर पहिल्यांदा बघून राहिलो." मग सरांना म्हणाले, "पण बुजवून फायदा न्हाई. काळी माती हाय. बाकी भिंत लिंपा, पण मोठ्या भेगेला वाट ठेवा. तिला वाट दिली तर ती दुसरीकडं फाडत न्हाई."

"हेच!" सर ओरडले. "हेच मी तीस साल पोरांना शिकवून राहिलो!" आणि दोघं व्याही व्हायच्या आधीच हातात हात घालून पाया बघायला परसात गेले. इकडं सरबत कोमट झालं, मुलाच्या आईनं नाझनीनला जवळ बसवून शाळेची चौकशी केली, मुलगा लाजून कॅलेंडर वाचत बसला. अर्ध्या तासानं दोघं कोपरापर्यंत मातीनं भरून आत आले. "रिश्ता पक्का," मिस्त्री म्हणाले, "और प्लास्टर मैं करतूं."

केलंही त्यांनी. लग्नाआधी सगळं घर लिंपून, माझ्याच दुकानातला आकाशी रंग देऊन झालं. बैठकीतली सगळ्यांत मोठी भेग मात्र शेजारच्या भिंतीच्या हातभर पट्ट्यासकट तशीच ठेवली, पेन्सिलच्या ओळींसह. लग्नात सर रडले नाहीत. नाझनीन गाडीत बसली तेव्हा ते कुणाला तरी भगोण्यातल्या वाफेबद्दल सांगत होते, पण वाक्य काही पुरं होत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी कुंपणावरून हाक आली. "शेठ, जरा येता? पट्टी मी धरतो, पण वाचून लिहायला कुणी न्हाई." मी गेलो. बैठकीत स्टूल तिथंच ठेवलेलं होतं. सरांनी भेगेला पट्टी लावली, मी चष्मा चढवला आणि म्हणालो, "साडेसहा."

 सर पट्टी तशीच धरून उभे राहिले. मी पुन्हा नीट बघितलं. मग आयुष्यभर भिंती रंगवायला लावणाऱ्या मी पेन्सिल घेतली आणि नाझनीनच्या शेवटच्या ओळीच्या वर, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, "सहाच्या वर जरासं."

"हौ," सर म्हणाले, "आता बरोबर."