खफजीला ठेवलेली मामूची गाडी

रियाधहून खफजीचा रस्ता कसा आहे, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. रस्ता झकास आहे. मी गेलो ते मात्र कुवेतचं युद्ध संपल्यावर, रमजान ईद झाली तेव्हा, आणि त्या प्रवासाची चव अजून तोंडात कडूच आहे. तरी लिहितो. कुणाला रस्त्याचा उपयोग होईल, कुणाला माणसांचा.

जायचं कारण होती उस्मानमामूची गाडी. मामू म्हणजे माझ्या आईचा भाऊ, वीसेक वर्षं कुवेतमध्ये मेकॅनिक. मालकाने भंगारात काढलेली एक जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी त्याने शुक्रवारच्या सुट्ट्या घालवून जिवंत केली होती. इराकी सैन्य आलं तेव्हा हा बाबा कपड्यांची बॅग विसरला, पण गाडी घेऊन निघाला. सीमा ओलांडून सौदीतल्या खफजीत पोचला आणि तिथे रेडिएटर फुटला. नशिबाने गावात इब्राहिमचं गॅरेज होतं. इब्राहिम आमच्या दाभोळकडचाच, मामूच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना आग्रह करकरून बिर्याणी वाढणारा. मामूने गाडी त्याच्याकडे अमानत, म्हणजे विश्वासाची ठेव, म्हणून ठेवली आणि मिळेल त्या वाहनाने तो माझ्याकडे रियाधला आला.

"पावती घेतलीस?" मी विचारलं.

"आपल्या माणसाकडे कागद मागायचा? लाज नाही वाटत तुला?"

युद्धभर मामू आमच्याच घरी होता. भोंगा वाजला की आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत जाऊन बसायचो, आणि हा तिथेही गाडीचंच बोलायचा. कुवेत सुटलं आणि त्याच्या मालकाचा निरोप आला: वर्कशॉप लुटलंय, पण ये, परत उभं करू. मामूने ठरवून टाकलं. गाडी चालू झाली तर तिच्यातूनच कुवेतला जायचं. नाही झाली तर सगळं खलास, कायमचं गावी.

मग इब्राहिमचा फोन आला. गाडी आहे, रेडिएटरही बसवलाय, पण लढाईच्या धामधुमीत कुणीतरी कार्बुरेटर आणि स्टार्टर काढून नेला. रियाधच्या जुन्या गाड्यांच्या भंगारबाजारात अमक्या दुकानात जा, तिथे नक्की मिळेल. किती काळजी हो माणसाला!

त्या बाजाराला तिकडे तश्लीह म्हणतात. जुन्या गाडीच्या नादी लागलेल्यांनो, तिथे जाताना टोपी, पाणी आणि ढीगभर सबूर घेऊन जा. स्टार्टरसाठी आम्ही चार शुक्रवार पत्र्यांच्या डोंगरात पायपीट केली, तेव्हा कुठे तो मिळाला. वायरिंगचा नकाशा मिळेना, तेव्हा माझ्या बँकेतल्या एका अमेरिकन साहेबाने त्याच्या घरून जुन्या पुस्तकाची पानं झेरॉक्स करून मागवली. कार्बुरेटर मात्र इब्राहिमने सांगितलेल्या दुकानात पहिल्याच फटक्यात मिळाला, चकचकीत चंदेरी रंग मारलेला. खोलून बघू म्हटलं तर दुकानदार गुरगुरला, "खोललंस की घेतलंस." किंमतही तोंडाला येईल ती सांगितली. मामूने तो उलटासुलटा केला आणि हसला. "माझ्याचा सख्खा भाऊ दिसतोय."

घरी बायकोने मिठाईचा रिकामा खोका टाकायला काढला, तर मामूने तो पळवला. त्याची ही जुनी खोड. जाड पुठ्ठा दिसला की ठेवून द्यायचा, वेळेला गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात बसवायची चकती, कापायला.

माझ्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाने, प्रवासाची शिक्क्याची चिठ्ठी दोघांच्या नावाने दिली. त्या काळी तिच्याशिवाय परक्याला शहर सोडता येत नसे. गुरुवारी पहाटेची फजरची नमाज पढून निघालो. दम्मामपर्यंत सरळसोट रस्ता, पेट्रोल पाण्याहून स्वस्त. दम्मामला गरम तमीस रोटी आणि फूल म्हणजे वालासारख्या दाण्यांची उसळ खाल्ली. मामू दोन घास जास्तच जेवला. जुबैलच्या पुढे लष्करी ट्रक लागले, नाक्यानाक्यावर इकामा म्हणजे राहण्याचा परवाना दाखवा, चिठ्ठी दाखवा. आणि खफजी जवळ आलं तशी भर दुपारी संध्याकाळ झाली. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या. काचेवर काजळी, घशात काजळी, दिवे लावून गाडी हाकत होतो.

इब्राहिमच्या गॅरेजच्या भिंतीला गोळ्यांची भोकं होती. त्याने मामूला मिठी मारली, चहा मागवला, लुटारूंना मनसोक्त शिव्या दिल्या. मागच्या अंगणात गाडी उभी होती. मामूने टपावरून बाह्यांनी काजळी पुसली आणि कुणाशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटला. मग पोत्यावर बसून पिशवीतला कार्बुरेटर काढला. कुठलाही भाग आतून साफ केल्याशिवाय तो बसवत नसे. स्क्रू काढले, झाकण उचललं आणि त्याचा हात थांबला.

"सलीम, वाच रे. मला नीट दिसत नाही."

झाकणाखालचं गॅस्केट जाड कार्डाचं होतं, पेट्रोलने पिवळं पडलेलं. त्यावर मराठी अक्षरं होती. "...ची मुलगी रझिया", आणि पलीकडे अर्धवट, "...आग्रहाचे निमंत्र".

रझिया म्हणजे मामूची मुलगी. लग्नाच्या उरलेल्या पत्रिका मामू कुवेतला घेऊन गेला होता, हे मला तेव्हा आठवलं.

माझं डोकंच फिरलं. "इब्राहिमभाई! आमचाच माल विकलास आणि वर दुकानाचा पत्ता पण दिलास?"

इब्राहिम आधी नाही नाही म्हणाला. मग एकदम खाली बसला. "गाव ओस पडलं होतं, उस्मानभाई. धंदा नव्हता. त्या दुकानदाराने फक्त कार्बुरेटर आणि स्टार्टर मागितला. मला वाटलं, तुम्ही काही परत येत नाही. कोण आलं परत?"

"मग फोन करायचास मला. विकून टाक म्हणून मीच सांगितलं असतं," मामू म्हणाला. आवाज चढला नाही, हेच मला सहन होईना.

त्याने नखाने ते गॅस्केट अलगद सोडवलं आणि इब्राहिमच्या तळहातावर ठेवलं. "याच लग्नात वाढत होतास ना तू? ठेव. ही पण अमानत."

मी म्हटलं, मामू, मिठाईचा खोका आणलाय, दुसरं कापू, तासाभरात गाडी चालू होईल. त्याने सुटा कार्बुरेटर पिशवीत टाकला आणि उठला. चहा तसाच टाकून आम्ही निघालो. पुढच्याच महिन्यात मामू देश सोडायचा एक्झिट व्हिसा घेऊन गावी गेला, कुवेतला पुन्हा गेलाच नाही. गाडीचं काय झालं ते आम्ही कधी विचारलं नाही. वीस वर्षांच्या कमाईतून तेवढी एकच वस्तू त्याची स्वतःची होती, आणि तीही आपल्याच माणसाने खाल्ली, याचा मला आजही संताप येतो.

तो चंदेरी कार्बुरेटर अजून दाभोळच्या घरात फळीवर आहे, झाकण सुटं. काही वर्षांनी मी सुट्टीवर गेलो तेव्हा इब्राहिमच्या मुलीची लग्नपत्रिका आली होती, मामूच्या नावाने. मामीने विचारलं, "जायचं काय?"

मामूने पत्रिका उघडलीही नाही. नुसता अंगठा फिरवून जाडी बघितली.

"गॅस्केटला बरी आहे," म्हणाला, आणि फळीवर ठेवून दिली.