‘मागून दाखवा’ म्हणणारी ॲपक्का

सन २०२२. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. आमच्या मल्लेश्वरमच्या दुकानात ती पहिल्यांदा आली, गादीवर बसली, आणि हातात दिलेला चहाचा भरला कप वर उचलून तिनं त्याचं बूड बघितलं. चहा पांढऱ्या चादरीवर सांडला. “सॉरी काका,” म्हणाली, “सवय आहे. कुठलीही वस्तू मी आधी मागून बघते.” मला त्याच घटकेला तिचा तिटकारा आला.

ती पुण्याची. राहायला मारतहळ्ळीला, आणि तिथल्याच एका कंपनीत फोनमधली दुकानं बांधायची. तिला आणलं माझ्या मुलानं, श्रीकांतनं. मी चौथी नापास माणूस. निपाणीकडून येऊन इथं इरकल साड्यांचं एक दुकान टाकलं. श्रीकांतनं त्याच्या गावभर शाखा केल्या, आणि आता म्हणे साड्या फोनवर विकायच्या. साडी ही खांद्यावर टाकून बघायची चीज. काचेवर बोट घासून कुठली बाई साडी घेणार? दुकानातल्या नोकरांनी तिचं नाव ॲपक्का ठेवलं, म्हणजे ॲपवाली अक्का. तिला ते आवडलं. तेही मला आवडलं नाही.

गिऱ्हाइकाला ती ‘यूजर’ म्हणायची. मी म्हटलं, “त्यांना नावं आहेत. शारदम्मा म्हण, पाटलीणबाई म्हण.” तर म्हणते, “सरी, ठीक आहे, मग पहिले यूजर तुम्ही.” आणि त्या दिवसापासून छळ सुरू झाला. फोन माझ्या हातात द्यायचा, “काका, एक साडी घेऊन दाखवा, मी काही सांगणार नाही” म्हणायचं, आणि माझ्या अंगठ्याकडे बघत राहायचं. परीक्षेला बसवल्यासारखं. मी कुठंतरी अडकायचोच. एकदा फोन गादीवर फेकला आणि म्हटलं, “मी अडाणी आहे हे तुला ठाऊक आहे. मग कशाला तमाशा करतेस?” ती फोन उचलून शांतपणे म्हणाली, “तुम्ही अडलात ना, म्हणजे माझं पान अडाणी.” आणि ते पान मोडून तिनं परत नव्यानं केलं. तिच्याबरोबरचा एकजण वैतागून म्हणाला, “अक्का, स्वल्प ॲडजस्ट माडी.” ती म्हणाली, “ॲडजस्ट मी करीन. गिऱ्हाइकानं का करावं?”

जेवताना ती फोनमध्ये डोकं घालून बसायची. घासाकडे न बघणारं माणूस मला चालत नाही. आमच्या मंडळींनी तरीही तिला ज्वारीची भाकरी पाठवायला सुरुवात केली. तिनं भाकरीसुद्धा उलटून बघितली. “ही बाजू जास्त खरपूस आहे,” म्हणाली आणि ती वर ठेवून खाल्ली. हे ऐकून आमची बायको तिच्यावर जी खूश झाली ती झालीच.

आमच्या गादीची एक रीत आहे. इरकलमध्ये अंगाचे आणि पदराचे धागे फासात फास घालून जोडलेले असतात. साडी उलटी केली की तो जोड बोटाला लागतो. हातमागाची ती खूण. गिऱ्हाइकानं मागायच्या आधी आपण साडी उलटायची, त्याचं बोट जोडावर ठेवायचं, मग भावाचं बोलायचं. हे बघून ॲपक्काचे डोळे चमकले. “काका, फोनमध्ये बोट लावता येणार नाही, पण जोड तर दाखवू या.” तिनं प्रत्येक साडीचा पहिला फोटो उलट्या बाजूचा घेतला, जोड अगदी जवळून. ॲप उघडल्या उघडल्या दिसेल असा माझा फोटो लावला, हात जोडलेला, आणि खाली लिहिलं, ‘जोड बघून घ्या.’ मी नको नको म्हणालो. फोटोच्या दिवशी मिशीला तेल मात्र लावून गेलो.

मग पीण्या या भागातल्या आमच्या गोडाऊनमधून नव्या साड्यांचे गठ्ठे आले. दुसऱ्या दिवशी ती त्यातली एक घेऊन माझ्यासमोर बसली. “काका, मला जोड सापडत नाही. तुम्ही बघा.” मी बोट फिरवलं. गुळगुळीत. पदर अंगाबरोबर सलग विणलेला, सरळ यंत्राचा माल. ॲपवर शब्द मात्र ‘हातमाग’. मला वाटलं, श्रीकांतला कुणीतरी व्यापाऱ्यानं फसवलं. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो.

त्यानं साडीकडे बघितलंसुद्धा नाही. “अप्पा, मला माहीत आहे. लोकांना स्वस्तात इरकल पाहिजे. मॅडम, मागच्या बाजूचे फोटो काढून टाका.”

“मग ‘हातमाग’ हा शब्दही काढते.”

“शब्द राहू दे.”

“तर मी नाही करणार.”

“नका करू. मारतहळ्ळीत दगड मारला तर तुमच्यासारखी दहा सापडतात.”

उंदीर मेलेला गठ्ठा सोडताना जो वास येतो, तो मला त्या थंड केबिनमध्ये आला. मी तोंडानं जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यावर तो एवढंच म्हणाला, “अप्पा, तुम्ही गादीवर बसा. हे तुमचं काम नाही.”

ॲप सुरू झालं त्या संध्याकाळी ती दुकानात आली. तिच्या कंपनीनं सांगितलं होतं, गिऱ्हाईक, म्हणजे श्रीकांत, म्हणेल तसं कर नाहीतर घरी जा. ती घरी निघाली होती, पुण्याला. तिनं फोन उघडून दाखवला. आधी माझं तोंड, हात जोडलेला मी, तेल लावलेली मिशी. खाली ‘जोड बघून घ्या’ नव्हतं, ‘अण्णांची खात्री’ होतं; बाहेर मला सगळे अण्णाच म्हणतात. त्याखाली गुळगुळीत साड्यांची रांग, सगळ्या पुढून. स्वतःच्याच तोंडाची मला शिसारी आली.

“जाता जाता माझा फोटो तरी काढून टाक,” मी म्हटलं.

“काका, आता मला आत जाता येत नाही. त्यांनी कुलूप बदललं.”

मी कपाटातून एक खरी इरकल काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती उलटली, जोडावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. पाया वगैरे पडली नाही, तसली नव्हतीच ती. “काका, त्या सगळ्या पानांत तुम्ही अडला नाहीत असं एकच पान होतं, जोडाचं,” म्हणाली, “तेच त्यांनी काढलं. येते.” दारापर्यंत मी कधी कुणाला सोडायला जात नाही. तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी न्हाव्याकडे जाऊन बसलो आणि मिशी उतरव म्हणालो. त्याचा वस्तरा हातातच थांबला. “अण्णा, घरात कोण गेलं?” मी म्हटलं, “तू उतरव.” मग येऊन गादीवर बसलो. पहिलीच बाई फोन हातात धरून आली, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हे तुम्हीच ना?”

“नाही,” मी म्हटलं.