पाटीवर आईचं नाव

अक्षरांच्या रूपाविषयी लिहिणारा मी कोण, हा प्रश्न मलाच पडतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील मिठागरावर काम करतात आणि सही करताना अजून अडखळतात. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

रोह्याच्या कॉलेजात भित्तिपत्रक करताना कॉम्प्युटरवरच्या फॉन्टांमध्ये मला ते अक्षर दिसलं. उभ्या रेघा खांबासारख्या जाड, आडव्या केसासारख्या बारीक, आणि टोकाटोकाला छोटी बसकी पावलं. बाकीची अक्षरं बनियनवर बसल्यासारखी वाटायची, हे इस्त्री करून आलेलं. "मथळ्यालाच वापर. लहान केलंस की बारीक रेघा विरतात," असं सर म्हणाले. मी मान डोलावली.

त्याच सुमारास आईने ठरवलं, की पोह्याचे पापड आता पेणच्या व्यापाऱ्याला द्यायचे नाहीत. तो ते स्वतःच्या नावाच्या पिशवीत भरून विकायचा. आमचं घर कासूजवळ, रस्त्याला लागून. दारातच विकायचे, पण आईच्या नावाने. पाटीचं काम अर्थातच शिकलेल्या मुलाकडे आलं.

आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पिवळं, लाल, सोनेरी सगळं एकदम नांदतं. मला तसलं नको होतं. मी पांढऱ्यावर काळं घेतलं. वर आईचा फोटो, आधार कार्डासारखा गंभीर, कारण तिचा दुसरा नव्हताच. खाली त्या अक्षरात तिचं पूर्ण नाव, भलं मोठं. उरलेल्या जागेत बारीक 'घरगुती पोह्याचे पापड'.

फ्लेक्सवाल्याने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि एरवीपेक्षा हळू आवाजात विचारलं, "चौकट काळी टाकू ना?"

मला ती सूचना फार आवडली.

पाटी लावून मी परीक्षेसाठी रोह्याला परतलो. रोज फोनवर विचारायचो, "पापड खपतात का?" वडील म्हणायचे, "तू पेपर दे. हितं माणसं आलीत." माणसं येतायत म्हणजे गिऱ्हाईक असणार, असं समजून मी निर्धास्त अभ्यास केला.

शेवटचा पेपर झाला आणि जिते गावच्या मावशीचा फोन आला.

"मेल्या, आई जिती हाय ना रे तुजी! मी रडत रिक्षातून उतरले, तर ही अंगणात पापड वाळत घालतेय!"

मग सगळं कळलं. रस्त्याने जाणारा जो तो लांबून फोटो आणि नाव वाचून थांबत होता. माणसं चेहरा पाडून दारात यायची, आई बाहेर आली की ओशाळायची, आणि आता नुसतं कसं परतायचं म्हणून एकेक पाकीट घेऊन जायची.

मी घाबरत आईला फोन लावला.

"व्यापारी पण आलेला," ती म्हणाली. "हार घेऊन. मला बघून हार पाठीमागं लपवला नि विचारतो, माल कधी पाठवतेस? म्हटलं, नाय पाठवणार. भायेर नाव वाचलंत ना?"

"आई, मी अक्षर बदलून आणतो."

"नको. सगळे पापड संपले, नवीन लाटायला घेतलेत. अक्षर ऱ्हाऊ दे तसंच, लोकं लांबून थांबतात. फोटो तेवढा हसरा लाव."