पहिलीच्या वर्गात बसलेली ताई

केळीचा घड हातावर घेतला की त्याचं वजन मी काट्याशिवाय सांगतो, फार तर अर्ध्या किलोचा फरक पडतो. माझ्या मुलीचं वजन मात्र मला अंगणवाडीच्या ताईकडून कळायचं. "भाऊ, या महिन्यात भरली हो पोर," असं ती फाटकातूनच ओरडून सांगायची, आणि मी मान हलवायचो. लग्नानंतर लई वर्षांनी झालेली एकुलती एक पोर माझी, आणि तिची खबर दुसऱ्यानं द्यायची. मला ते कधीच आवडलं नाही.

अर्धापूरजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात आहेत. मधे एक कडुनिंब, बस. त्यामुळे पोरगी या खोलीतून उठून त्या खोलीत जाऊन बसेल, यात अवघड ते काय, असा माझा हिशोब होता.

पहिल्या दिवशी शाळेनं नव्या मुलांचं औक्षण केलं. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे घेतले, फोटो काढले. बाकीची पोरं वर्गातल्या बस्करपट्टीवर जाऊन बसली. माझी व्हरांड्यातून खाली उतरली आणि निघाली. कडुनिंबाखालून अंगणवाडीच्या दारापर्यंत लाल पावलं उमटत गेली. मी ती बघत बघत आत गेलो, तर ही ताईच्या मांडीवर. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पुढेही रोज तेच. पाणी प्यायला म्हणून उठायची आणि अंगणवाडीत सापडायची. शेवटी पहिलीच्या बाईंनी मला बोलावलं.

"तिचं वय नुकतंच भरलंय. आणखी आठवडाभर बघू. नाहीच बसली तर एक वर्ष तिकडंच राहू द्या. रडवून कशाला शिकवायचं?"

म्हणजे बरोबरीची पोरं पुढे जाणार आणि ही मागे राहणार. पण त्याहून मला दुसरंच जास्त टोचलं: आणखी एक वर्ष ताईचं.

तसाच तडक अंगणवाडीत गेलो. "तुम्ही दार लावून घेत जा. तुम्हीच लाडावून ठेवलंय तिला."

ताई लहानग्यांना खिचडी वाढत होती. हातातला चमचा तिनं खाली ठेवला नाही. "दार लावते. मग ती बाहेर उभी राहून रडंल, तवा तुम्ही असता का हितं?"

"मी घरी तिला शंभरपर्यंत आकडे शिकवलेत."

"शिकवले असतील. बाटलीचं झाकण उघडत न्हाई तिला, भाऊ. लघवीला लागली तर कुणाला सांगायचं, ठावं न्हाई. हितं मला नुसतं बघून कळतंय. तिकडं तोंडानं सांगावं लागतं." मग पुढच्या ताटलीत खिचडी वाढत म्हणाली, "बाईंना विचारून मीच बसते वर्गात थोडे दिवस. मदतनीस हाय हिकडं बघायला."

"मी बसतो की," मी म्हणालो. बाप असताना ताई कशाला?

"बसा की!"

दुसऱ्या दिवशी केळीच्या चिकानं डागाळलेला शर्ट बदलून मी वर्गात मागे मांडी घालून बसलो. पोरगी दर मिनिटाला मागे बघायची. थोड्या वेळानं उठून आली, माझा हात धरला आणि "बाबा, घरी चला," म्हणून तिनं असा गळा काढला की शेजारची दोन पोरंही रडायला लागली. बाईंनी हात जोडले. "तुम्ही या आता."

मग ताई बसली. मी शेतावर जाता-येता फाटकापाशी सायकल उभी करून बघायचो. पहिल्यांदा ती पोरीला अगदी चिकटून बसायची. नंतर एक पट्टी मागे सरकली. मग दारापाशी. पोरगी बाटली घेऊन आली तरी ताई हात मांडीवरून उचलायची नाही. "बाईंना सांग." पोरगी हुंदका गिळून बाईंकडे जायची. ताईचं तोंड तेव्हा बघवत नसे. माझ्यानं मात्र नजर काढवत नसे.

आठवडा संपायच्या आत एका सकाळी दारात ताई नव्हती. ती आपल्या अंगणवाडीपुढे उभी होती, कडेवर एक नवं शेंबडं पोर. आमची पोरगी फाटकातून आत धावली आणि तिच्या समोरून सरळ वर्गात गेली.

"बघितलं का भाऊ? वळून बी बघितलं न्हाई."

"हाव," मी म्हणालो. मला बरं वाटलं. ताईनं पदरानं त्या पोराचं नाक पुसलं आणि ती आत गेली.

दुपारी बाईंनी सांगितलं, पोरगी पहिलीतच राहील. मी सायकल जोरात मारत घरी आलो. वाटलं, आता मधलं माणूस गेलं.

संध्याकाळी बायको पोरीची वेणी घालत होती. पोरगी म्हणाली, बाई दोन वेण्या घाला म्हणतात. बाई म्हणतात, नखं कापा. बाई म्हणतात, बाजरीची भाकर चांगली असते. हीच भाकर आदल्या रात्री माझ्या हातून खाल्ली नव्हती.

"आणि बाबा काय म्हणतात?" मी विचारलं.

तिनं आईच्या हातातून वेणी सोडवून घेत खरोखर विचार केला.

"बाबा म्हणतात, लवकर चल."

बायको तोंडाला पदर लावून हसली. पोरगी पुढे सांगू लागली, बाई उद्या काय म्हणणार आहेत ते.