पॅनेलच्या पाठीमागची ऊब

प्रभाकर भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पापड लाटत होते. लाट्या उघड्या राहिल्या तर सुकतात, म्हणून परात झाकली आणि मग उठले. लोक म्हणतील, काय ही बाई. म्हणू देत. दीड महिना झाला, रडून झालंय. आता खरं तेवढं लिहिते.

भाऊजी माझे धाकटे दीर. अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाल्यावर बुवापाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांनी जिन्यातल्या दिव्यांसाठी सोलर पॅनेल बसवलं. जेवढं ऊन कडक तेवढी वीज जास्त, असं आम्हाला वाटायचं. पण पॅनेल तव्यासारखं तापलं की वीज उलट कमी व्हायची. भाऊजींनी त्याच्या पाठीला पाण्याची नळी फिरवली. पाणी ताप घेऊन जाईल, पॅनेल गार राहील, वीज वाढेल आणि सगळ्या बिल्डिंगला अंघोळीचं पाणी फुकट! बोलण्यात माणूस कधी कमी नव्हता. पहिली बादली माझ्यापुढे ठेवली. मी हात घातला.

"भाऊजी, हे गरम नाही. नुसतं थंड नाही, एवढंच."

"वहिनी, पाणी जास्त तापू दिलं तर पॅनेलही तापतं, वीज जाते. दोन्ही एकदम नाही मिळत."

"मग या कोमट पाण्यात मी काय पाय सोडून बसू?"

सगळी गच्ची हसली. वर नळी गळून खालच्या घरात ओल आली. मीटिंग झाली. दिवाळीपर्यंत उपयोग दाखवा, नाहीतर सगळं भंगारात. भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत... जेवायला मात्र वेळेवर यायचे.

त्याच सुमारास आमचे पापड परत यायला लागले. आम्ही बिल्डिंगमधल्या बायका उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेठला पापड देतो. वाळवायचे गच्चीवर, आणि कंपन्यांकडचा वारा सुटला की वर काजळी बसते. शेठ म्हणाला, "अम्मा, ये पापड है कि तिल की चिक्की?" मी पिशवी आणून भाऊजींसमोर आपटली. "घ्या, तुमच्या कंपन्यांची भेट." त्यांनी एक पापड उचलून उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला...

"वहिनी, पापडाला ताप किती लागतो?"

"फार नाही. ऊन चढलं की कडा वळतात. उबेत वाळलेला चांगला."

"म्हणजे कोमट?"

"कोमटच."

त्याच दिवशी नळ्या उतरल्या. पॅनेलच्या पाठीला पत्र्याची पोकळी केली, तिच्या तोंडाला काजळी अडवायला माझ्या जुन्या साडीचं धुतलेलं कापड बांधलं, त्याच विजेवर एक छोटा पंखा लावला आणि पाठीमागची ऊब एका जुन्या लोखंडी कपाटात सोडली. कपाटात जाळीच्या ताटल्या, ताटल्यांवर पापड. पहिल्या दिवशी पंखा एवढा जोरात सोडला की सगळे पापड उडून एका कोपऱ्यात. वर मलाच म्हणाले, "तुमचे पापडच फार पातळ!" पंखा हळू केला तर पॅनेल पुन्हा तापलं. मधला मेळ सापडेपर्यंत आम्ही किती मोडके पापड खाल्ले, विचारू नका. पण दिवाळीआधी पांढरास्वच्छ माल कॅम्प पाचला गेला. बिल्डिंगचे चेअरमन वर आले, कपाटातला एक पापड कच्चाच मोडून खाल्ला आणि खाली गेले. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

हिवाळ्यात भाऊजींच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर तब्येतीचं बोलणं नाहीच. "पंखा हळू ठेवूनही पॅनेल गार राहिलं पाहिजे, वहिनी. अजून जमलं नाही."

त्यांची मुलगी सुषमा आता ते कपाट बघते. गेल्या आठवड्यात तिने तेलाच्या डब्याचे पत्रे कापून त्या पोकळीत वेडेवाकडे, आडवे बसवले. हवा आता सरळ पळत नाही, वळणं घेत जाते आणि जाताना जास्त ताप उचलते. पंखा हळूच आहे. बाप असता तर आधी ओरडला असता, माझ्या कामात हात घालू नकोस म्हणून, आणि चार दिवसांनी ही आपलीच कल्पना म्हणून सगळ्यांना सांगत सुटला असता.

काल भर दुपारी मी वर गेले आणि पॅनेलच्या पाठीला तळहात लावला. पूर्वी चटका बसायचा. काल हात तिथेच ठेवता आला. ठेवला थोडा वेळ.