ओल्या सॅकचा वास

ओल्या सॅकचा वास आला की धाकटी बहीण आठवते. ईशान्येकडे एकटीच भटकून ती आमच्या चंदीगडच्या क्वार्टरमध्ये उतरली होती. जंगलातले धबधबे, महायुद्धातले खंदक, गंजलेला रणगाडा असं काय काय ती सांगत होती आणि माझी छोटी लेक तिला चिकटून ऐकत होती. मी मराठीत काहीही विचारलं तरी हिंदीतच उत्तर देणारी ही पोरगी एकदम म्हणाली, "मावशी, तिथे भूत होतं का गं?" तो 'गं' ऐकून मी अशी जळले की बहिणीला म्हटलं, "आधी ती घाणेरडी सॅक बाहेर ठेव." आता कॉलेजात गेलेली लेक परवा स्वतःच सॅक घेऊन ईशान्येकडे गेली. धबधब्यापाशी पोचल्यावर तिनं मावशीला लांबलचक मराठी व्हॉइस मेसेज पाठवला, मला एवढंच, "मम्मी, पहुँच गई."